कोंबडी न चाललेली जमीन

बिरूतात्या माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर, पटक्याच्या शेवाखाली झाकलेलं, काहीतरी होतं. मला वाटलं नातवंड असेल. उपकेंद्रात रुजू होऊन मला फार दिवस झाले नव्हते, आणि सुप्याजवळच्या त्या वाडीतली माणसं लेकरांना असंच कशातही गुंडाळून आणायची. मी लगबगीनं कुलूप काढलं, आत या म्हणाले. तात्यांनी शेव बाजूला केला. आत एक पाखरू होतं. लांब मान, मोठे पाय, पंख दोन्ही बाजूंना ओघळलेले, डोळे अर्धवट मिटलेले. कोंबडीचं म्हणावं तर कोंबडीचं नाही, मोराचं म्हणावं तर मोराचंही नाही.

"टरकी हाय," तात्या म्हणाले. "सुई टोचा."

"तात्या, मी माणसांची नर्स आहे."

"सुई तीच न्हवं?"

मी सुई टोचली नाही, आणि ते पाखरू तिथंच, माझ्या पायरीवर, मान टाकून मेलं. तात्यांनी ते पुन्हा पटक्यात गुंडाळलं आणि गुडघ्यावर हात रोवून, कण्हत उठले. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. टर्की हा शब्द मी तोवर फक्त भूगोलाच्या तासाला ऐकला होता.

तात्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचं, वर्षानुवर्षं. मग गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा दत्ता दूध गोळा करायचा टेम्पो चालवत होता, त्याला मेंढरांमागं हिंडायचं नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कळप विकला. माणूस मात्र मेंढकाच राहिला. ते कुणाशीही बोलताना समोरच्याकडं बघत नसत. नजर आपली लांब, कशावर तरी राखण ठेवल्यासारखी. पहिल्या पहिल्यांदा मला तो अपमान वाटायचा. मी म्हटलंसुद्धा एकदा, "तात्या, मी इकडं आहे." तर म्हणाले, "तुमी कुठं जाताय? जाणारं जनावर असतंय."

जनावरं ते मोजत नसत. किती आहेत हे विचारलं की चिडायचे. कळपावर एकदा नजर फिरवायचे आणि कोण नाही ते सांगायचे. मोजणारा माणूस आकडा ध्यानात ठेवतो, जनावर नाही, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक त्यांच्या तोंडी नेहमी असे: "आईबिगर जीव वाढत न्हाय." मेंढी व्याली आणि मेली, की पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं. ती लाथ मारते, जवळ येऊ देत नाही. मग तिचंच दूध काढून कोकराच्या अंगाला चोळायचं, म्हणजे वासानं तिला ते आपलं वाटतं. हे सगळं ते इतकं रंगून सांगत की मला माझ्या बाळंतिणी आठवायच्या.

टर्कीची अंडी दत्तानंच आणून दिली होती. पुण्याचा एक व्यापारी त्याला म्हणाला होता की या पक्ष्याला नाताळात मागणी असते. म्हाताऱ्याला घरबसल्या काहीतरी राखायला होईल, एवढाच त्याचा विचार. तात्यांनी आपल्या शहाणपणाप्रमाणं केलं. बायजाआक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, एक तांबडी कोंबडी नुकती खुडूक झाली होती. अंडी तिच्याखाली ठेवली. कोंबडीच्या अंड्यांपेक्षा टर्कीची अंडी उबवायला आठवडाभर जास्त लागतो. तांबडी उठली नाही. अंगातलं मांस झडून गेलं, तुरा पांढरा पडला, पण बसून राहिली. आक्कांना त्या कोंबडीचा एवढा अभिमान, की अंगणात आलेल्या प्रत्येकीला डालगं उचलून दाखवायच्या. "बघ गं, परक्याची हायती, तरी कशी बसलीया."

पिल्लं निघाली. वाढूही लागली. तांबडी पायानं माती उकरायची, हाक मारायची, आणि ही लांबमानी पिल्लं धावत यायची. मी कोंबड्यांवर भयंकर चिडणारी बाई. दाराला जाळी लावून घेतली होती, उंबऱ्यापाशी एखादी दिसली तरी झाडू घेऊन धावायचे. पण ते दृश्य मीही उभी राहून बघितलेलं आहे. आणि मग, पिल्लं चांगली हाताएवढी झाल्यावर, एकेक मान टाकायला लागलं. विष्ठा हळदीसारखी पिवळी. पंख ओघळलेले. पायरीवर मेलं ते त्यांतलंच.

तात्या ते मेलेलं पाखरू घेऊन सुप्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडं गेले. मला लसींची पेटी आणायची होती म्हणून मीही दत्ताच्या टेम्पोत होते. डॉक्टर तरुण होते, घाईचे नव्हते. त्यांनी पक्षी फाडून यकृत दाखवलं. त्यावर गोल गोल डाग होते, कुणी बोटानं ठसे उठवल्यासारखे.

"तात्या, ही पिल्लं कोंबडीखाली वाढवली का?"

"व्हय. मग काय तर."

"तिथंच चुकलं. या रोगाचं बीज कोंबडीच्या पोटात असतं. तिला काही होत नाही. तिच्या विष्ठेतून ते मातीत उतरतं, आणि टर्कीचं पिल्लू तीच माती चोचीनं टिपतं. कोंबडी जिथं फिरते ती जमीनच त्याला चालत नाही. वर्षं गेली तरी."

तात्या पहिल्यांदा समोरच्या माणसाकडं सरळ बघत होते. "आई लेकरास्नी मारती म्हंता?"

"ती कशाला मारेल? तिला ठाऊकसुद्धा नाही."

परत येताना ते टेम्पोच्या हौद्यात बसले, पुढं आलेच नाहीत. उरलेली पिल्लंही गेली. शेवटचं गेल्यावर तांबडी चार-पाच दिवस अंगणभर कुकुक करत हिंडायची, कणगीखाली, सरपणाच्या ढिगामागं, पुन्हा कणगीखाली. तात्या ओट्यावरून तिच्याकडं बघत बसायचे. मला वाटलं, हे आता तिची मान मुरगाळणार. तसं त्यांनी केलं नाही. उलट एकदा मूठभर बाजरी टाकली तिच्यापुढं, आणि आत निघून गेले.

दत्तानं सांगून टाकलं की आता पुरे. तात्या ऐकेनात. बापलेकांची दोन दिवस धुसफुस चालली, आणि शेवटी असं ठरलं की श्रावणात आणखी एकदा पिल्लं आणायची. ती जगली तर जगली. मेली, तर तात्यांनी पुन्हा जनावराचं नाव काढायचं नाही, घरात बसून दुधाच्या किटल्या राखायच्या. तात्यांनी बिरोबाचा भंडारा उचलून कबूल केलं. ज्या माणसाला आयुष्यात राखण सोडून दुसरं काही आलं नाही, त्यानं आपली राखण पणाला लावली होती. लहान पिल्लांचा काय भरवसा?

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी तात्या माझ्या दाराशी आले. आत डोकावून जमीन बघितली, कोपरे बघितले.

"बाई, तुमच्या खोलीत कवा कोंबडी शिरलीया का?"

"शिरेल कशी? शिरू देते का मी?"

"त्येच म्हंतो. साऱ्या वाडीत येवढीच जागा हाय."

खरंच तसं होतं. वाडीत घर तिथं कोंबडी. एक माझीच खोली तेवढी, माझ्या चिडखोरपणामुळं, कोंबडीच्या पायापासून वाचलेली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. पुढची खोली त्यांना दिली, मी मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत खाट टाकली. तिथला वास माझ्या साड्यांना किती दिवस येत होता, ते सांगत नाही.

टर्कीचं पिल्लू हे जगायला आलेलं असतं असं मला वाटत नाही. त्याला खायचं कळत नाही, प्यायचं कळत नाही. अन्नाच्या ढिगावर उभं राहून ते उपाशी मरतं. बशीभर पाण्यात बुडतं. गार लागलं की सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तात्यांनी पोत्यांचं गोल कडं करून कोपरेच काढून टाकले. वर बल्ब टांगला. उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात बारीक चिरून, त्यात मक्याचा भरडा घालून, पोत्यावर पसरायचे आणि तर्जनीनं टकटक करत बसायचे. कोंबडी चोचीनं करते तसंच. पिल्लू बोटाकडं बघायचं, मग बोटापाशी चोच मारायचं. एकेकाला शिकवावं लागे, आणि एकदा शिकलेलं दुसऱ्या दिवशी विसरलेलं असे. तात्या वैतागले नाहीत. मी असते तर दहा वेळा वैतागले असते.

पाण्याच्या बशीत टाकायला ते सुप्याच्या बाजारातून काचेच्या गोट्या घेऊन आले. चकाकत्या गोष्टीवर पिल्लू चोच मारतं, आणि गोट्यांमुळं बुडायला जागा राहत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. पण दुकानात आधी हिरव्या बघितल्या, मग निळ्या, मग पुन्हा हिरव्या, एवढा वेळ लावला की पारावर बोभाटा झाला. "तात्या, डाव कुणासंगं मांडताय?" म्हणून माणसं विचारायची. तात्या म्हणायचे, "तुज्या आज्यासंगं." आणि पुढं चालू लागायचे.

हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकी त्या खोलीत जे चाललं, ते मला बघवत नसे. तात्या आत येताना उंबऱ्याबाहेर पाय घासून घासून धुवायचे, हात धुवायचे, धोतर बदलायचे. अंगणातल्या मातीचा कणही आत यायला नको. ज्या माणसानं देवळात शिरतानाही कधी एवढं केलं नसेल, त्यानं दिवसातून दहादा ते केलं. आणि पहिल्याच दिवशी आक्का भाकरी घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणं आत पाय टाकायला लागल्या, तेव्हा ते केवढ्यानं ओरडले!

"थांब! बाहीर!"

आक्का दचकून मागं सरल्या. हातातली भाकरी पडता पडता राहिली.

"कोंबड्यांतनं आलीस. तितंच ठिव आन् जा."

"पाय धुते की मी बी."

"नगं. तुझं पाय धून भागायचं न्हाय. लुगड्याला लागलेलं असतंय, नखांत असतंय. तू येऊच नगंस."

आक्कांनी भाकरी उंबऱ्यावर ठेवली. त्या माझ्याकडं बघून बोलल्या, त्यांच्याकडं नाही. "बाई, ह्येच्यामागं मी आख्खा घाट पोटूशी चालले. दत्ता वाटंत झाला, दुसऱ्या दिशी डोक्यावर बिऱ्हाड घेऊन उठले. तवा न्हाय माज्या पायाला काय लागलं."

तात्या टकटक करत राहिले. मान वर केली नाही. मला त्यांचा राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला. तर म्हणाले, "बाई, तिची कोंबडी गुन्हेगार न्हाय, ती बी न्हाय. पर ही पिल्लं मेली तर मी कुठं जाऊ?" एवढंच.

त्यावर उपाय एकच होता, आणि तो आक्कांना कुणी सुचवायची गरज नव्हती. कोंबड्या विकून टाकायच्या. पण आक्का म्हणायच्या, "मी काय म्हून इकू? माज्या हातची हायती. त्येला जशी ती, तशी मला ही." दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळं कुणीच कुणाचं ऐकेना. त्यांचं बोलणंच थांबलं. भाकरी उंबऱ्यावर यायची, रिकामं फडकं उंबऱ्यावरूनच परत जायचं.

एक दिवस श्रावणातलं ते झोंबरं वारं सुटलं होतं. सुप्याकडं पाऊस कमी, वारंच जास्त. सकाळपासून वीज नव्हती. मी लसीकरण आटोपून दुपारी परतले, तर खोलीच्या मधोमध घोंगडीचा एक ढीग आणि त्यातून चिवचिवाट. तात्या उकिडवे बसून, डोक्यावरून घोंगडी घेऊन, सगळी पिल्लं पोटाशी घेऊन बसले होते. गुडघे दुमडून बसणं त्यांना एरवी घटकाभरही जमत नसे. दाराबाहेर आक्का. घमेल्यात शेणकुटाचे निखारे फुलवत होत्या, आणि फुलले की लांब काठीनं घमेलं उंबऱ्यावरून आत ढकलत होत्या. स्वतः एक बोटही आत नाही.

"जवळ आलं का?" आक्कांनी मला विचारलं. मी तिथंच उभी होते, म्हणून मला.

"अजून थोडं," तात्या घोंगडीतून मला म्हणाले.

मी दोघांचा निरोप्या झाले होते. आक्कांनी घमेलं आणखी ढकललं. संध्याकाळी वीज आली तेव्हा तात्यांना दोन माणसांनी धरून उभं करावं लागलं. पिल्लं एकदोन सोडली तर सगळी जगली होती. आक्का तोवर कधीच निघून गेल्या होत्या.

पिल्लांच्या डोक्यावर लाली फुटली, मानेवर गाठी दिसायला लागल्या, की धोका सरला असं डॉक्टर म्हणाले होते. पण माती त्यांना मोठेपणीही बाधू शकते, म्हणून वाडीत उतरवायची सोय नव्हती. तात्यांनी माळावर जायचं ठरवलं. जिथं पूर्वी मेंढरं बसवायचे ती जागा. दत्ता घाबरला. तिकडं लांडगे होते.

"लांडग्याचं मला ठावं हाय," तात्या म्हणाले. "कोंबडीचंच तेवढं ठावं नव्हतं."

मेंढरांची जुनी वाघूर, म्हणजे दोरीची जाळी, त्यांनी माळ्यावरून काढली, ठिकठिकाणी सांधली, आणि माळावर खोप घालून राहायला गेले. त्या दिवसांत त्यांना बघितलेलं मी विसरणार नाही. टर्की चरत पुढं, तात्या काठीला टेकून मागं, आणि त्यांनी जीभ टाळूला लावून हुर्र केलं की सगळे पक्षी एकदम वळायचे. मेंढरांना करायचे तोच आवाज. मागं पडलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या चालीवरून तो कोणता हे ते सांगायचे. चेहऱ्यावर अशी कळा आलेली, की मला त्यांचा खोकला ऐकू येऊनही आधी दिसायची ती कळाच.

खोकला मात्र वाढत होता. कार्तिकातली थंडी, उघडा माळ. मी औषध घेऊन जायचे. वाटेत एक मोठा धोंडा होता, त्यावर आक्का भाकरी ठेवून हाक मारायच्या आणि मागं फिरायच्या. त्या दिसेनाशा झाल्या की तात्या येऊन भाकरी घ्यायचे. एकदा मी आक्कांना म्हणाले, थांबा की जरा, भेटून जा. आक्का म्हणाल्या, "तितं बी जमीन चांगली ऱ्हायली पायजे न्हवं." आणि पदरानं डोळे पुसले. रागानं की कशानं, मी विचारलं नाही.

नाताळाच्या आधी दत्ता व्यापाऱ्याचा निरोप घेऊन माळावर आला. सगळाच लॉट हवा होता. दत्ताचा चेहरा फुललेला. बापानं करून दाखवलं याचा त्याला खरोखरच आनंद झाला होता.

"समदी?" तात्यांनी विचारलं. "माद्या ठिवायच्या. एक नर ठिवायचा. कळप कसा व्हायचा न्हाय तर?"

"तात्या, ही काय मेंढरं हायती का? पुढल्या सरावणात नवी पिल्लं आणू. तुमी आता खाली या. खोकून खोकून मराल हितं."

तात्या माझ्याकडं वळले, जणू निकाल मी देणार. मी नर्स होते. त्यांची छाती मी ऐकलेली होती. मी म्हणाले, "तात्या, थंडीत इथं राहणं बरं नाही." ते खरं होतं, आणि ते म्हणताना माझा जीव तुटत होता.

टेम्पो आला त्या सकाळी आम्ही सगळे माळावर होतो. आक्कासुद्धा आल्या होत्या, धोंड्यापर्यंत, नेहमीसारखं भाकरीचं फडकं घेऊन. दत्तानं आणि त्याच्या जोडीदारानं पक्षी धरायला सुरुवात केली, तर गोंधळ उडाला. पंखांची फडफड, धूळ, एक पक्षी वाघुरीत अडकून उलटा. तात्या बघत उभे होते. मग म्हणाले, "हात लावू नगा. भेदरत्यात."

त्यांनी फळी टेकवायला सांगितली, काठी टेकत टेकत टेम्पोच्या हौद्यात चढले, आत जाऊन बसले, आणि हुर्र केलं. एकेक पक्षी फळीवरून वर चढला. न ढकलता, न ओढता. सगळे त्यांच्याभोवती जाऊन उभे राहिले. जोडीदार म्हणाला, "आयला, लई झ्याक!" दत्तालाही हसू आलं.

"तात्या, आता उतरा."

तात्या उठले, फळीकडं आले. पक्षी त्यांच्या मागं फळीकडं आले. ते थांबले, पक्षी थांबले. ते पुन्हा आत जाऊन बसले. दोनदा असं झालं. मग दत्ताचं हसू मावळलं.

"तात्या, पुण्यापत्तोर येताय का काय?"

एक मादी तात्यांच्या मांडीवर मान टेकून बसली होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत, पण ते एकेका पक्ष्याकडं बघत मोजत होते.

आक्का धोंड्यापासून पुढं आल्या. कितीतरी महिन्यांत त्या एवढ्या पुढं आल्या नव्हत्या. त्यांनी भाकरीचं फडकं हौद्यात ठेवलं, दत्ताच्या खांद्याचा आधार घेतला आणि फळीवर पाय दिला.

"आये, तू कुठं?" दत्ता म्हणाला.

आक्कांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. वर चढून त्या तात्यांपुढं उभ्या राहिल्या. सकाळी कोंबड्यांना दाणा टाकून तशाच आलेल्या, पावलांवर अंगणातली माती.

"आता चालंल न्हवं मी?"

तात्यांनी आक्कांच्या पायांकडं बघितलं. मग घोंगडीचं एक टोक सोडवून बाजूला अंथरलं आणि सरकून जागा केली. आक्का पक्ष्यांमधून वाट काढत तिथं बसल्या. दत्तानं फळी उचलून मागची दारं लावली. टेम्पो माळ उतरून रस्त्याला लागेपर्यंत पक्ष्यांच्या माना आणि त्या दोघांची डोकी तेवढी दिसत होती.